बावीस पिना, ३४९ डॉलर

पाचपैकी तीन तारे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असली सेवा विकणारे आता बरेच झालेत आणि जाहिरात सगळ्यांची एकच: तुम्हाला जो डोंगर माहीत नाही तो आम्ही तुमच्यासाठी घरबसल्या वाचून देतो. पैसे भरा, ॲपच्या नकाशावर जागांच्या खुणा, म्हणजे पिना, घ्या, सप्टेंबरात जाऊन एल्क (इथलं मोठं हरीण) मारा. शेवटचं वाक्य ते उघड लिहीत नाहीत, पण फोटो सगळे तेच बोलतात.

माझे तारे कुठल्या मापानं मोजायचे हे कळावं म्हणून आधी माझी कुंडली. मी मूळची भोरची. रायरेश्वर, राजगड, तोरणा हे शाळेतच झाले. कॉलेजात सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजारांचा टोपोशीट घेऊन आडवाटा धुंडाळायचं वेड लागलं. गेली चौदा वर्षं कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला. नोकरी इस्पितळाच्या लॅबमध्ये. वय ४६, गुडघ्यांचं ५५. धनुष्य कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं), ताण ४५ पौंड (इथल्या कायद्यानं किमान ३५ लागतो). हा माझा तिसरा हंगाम, आणि आजवर मारलेले एल्क शून्य. तिकडच्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आत सांगते, इथे लायसन्स असतं, हंगाम ठरलेला असतो, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा होतो. माझ्या आईला मात्र अजून 'तिरंदाजीचा क्लास' एवढंच माहीत आहे. तिला हे वाचून दाखवू नका.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोच्या घरात. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी धनुष्य घेऊन गेलेल्या दहाजणांत एखाद्यालाच मिळतो, कारण तीस-पस्तीस मीटरच्या आत जावं लागतं आणि त्याचं नाक आपल्या सगळ्या तयारीवर पाणी ओततं. पहिले दोन हंगाम मी घराजवळच्या रानात घालवले. तिथे एल्कपेक्षा माणसं जास्त भेटली. इथल्या रहिवाशाला धनुष्याचं लायसन्स अजून दुकानात जाऊन सरळ विकत घेता येतं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला सोडतीत नाव घालावं लागतं. म्हणजे मला अर्धं राज्य मोकळं. दुखणं तेच होतं. अर्ध्या राज्यातलं कुठलं खोरं?

फ्लॅट टॉप्स निवडलं. मीकर गावाच्या पूर्वेला, व्हाइट रिव्हरच्या उगमाकडचं पठार. कारण विचारलंत तर तिथला कळप जगातला सर्वांत मोठा म्हणतात, हे झालं शहाण्याचं उत्तर. खरं उत्तर असं की फोटो पाहिला आणि पोटात कालवलं. माथा सपाट, कडे काळे, थरावर थर. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे हा तर आपला सह्याद्री, वर स्प्रूसची झाडं लावलेला." मागाहून वाचलं तर ते खरंच बेसॉल्ट निघालं. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथले थर अडीच कोटी वर्षांच्या अलीकडचे. घडण मात्र तीच. आपल्या खडकाला भूगर्भवाले 'ट्रॅप' म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून. इथल्या मुख्य तळ्याचं नाव ट्रॅपर्स लेक. तो ट्रॅपर बीव्हर पकडणारा, त्याचा पायऱ्यांशी संबंध नाही, पण तळ्यामागचा कडा बघाल तर पायऱ्याच आठवतील. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या वनखात्याच्या माणसाला या तळ्याभोवती बंगल्यांसाठी जागा आखायला पाठवलं होतं. त्यानं परत येऊन सांगितलं की इथे काहीच बांधू नका. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

आता सेवेबद्दल. मे महिन्यात पैसे भरले, ३४९ डॉलर. आधी एक लांबलचक फॉर्म: दिवसाला किती मैल चालता, पाठीवर किती वजन नेता, कोणाबरोबर जाता, हत्यार कुठलं. मी खरं ते लिहिलं. एकटी जाते, दिवसाला सात-आठ मैल, पाठीवर बावीस किलो, त्याहून जास्त नाही. मग चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि नऊ दिवसांनी अठरा पानांची फाइल आणि ॲपमध्ये उघडणाऱ्या बावीस पिना. निळ्या पाण्याच्या, लाल एल्क बसतात त्या जागांच्या, हिरव्या दुर्बीण लावून बसायच्या, पिवळ्या तंबूच्या. योजना अ, ब आणि क. दिसायला इतकं देखणं की पानं प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली.

या सगळ्यात तो कॉल अस्सल सोनं होता. समोरचा गृहस्थ पन्नाशीचा, आयुष्य घोड्यांवरून शिकारी नेण्यात गेलेलं. त्यानं पहिली दहा मिनिटं एल्कचं नावच काढलं नाही. म्हणाला, आधी माणसं कुठे जातील ते नकाशावर काढ. गाड्या कुठे उभ्या राहतात, घोड्यांचे ट्रेलर कुठे वळू शकतात, पहिला दोन मैलांचा सोपा रस्ता कुठला, माणूस कुठे दमून बसतो. ते सगळं रंगवून काढलं की जे पांढरं उरेल तिथून सुरुवात करायची. तळ्याजवळची प्रसिद्ध वाट त्यानं एका फटक्यात खोडली आणि तिच्याऐवजी एक दुर्लक्षित वाट सुचवली. तिथे शेवटचा दीड मैल कच्चा रस्ता असल्यानं लहान गाड्या येत नाहीत. दुसरी गोष्ट, जुलैत वर उघड्या गवतावर मखमली शिंगांचे नर दिसतील, त्यांच्या प्रेमात पडू नकोस. सप्टेंबरात माजावर आले की ते माद्यांकडे जातात, म्हणजे माद्या कुठे आहेत ते शोध. दोन्ही गोष्टी मला दोन हंगामांत कोणी सांगितल्या नव्हत्या.

आता पिना. ड्रोन उडवून जनावर शोधणं कोलोरॅडोत बेकायदा आहे, त्यामुळे रेकी (आधी जाऊन जागा हेरणं) म्हणजे दोन पाय आणि एक दुर्बीण. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस गेले. घरापासून रायफल नावाच्या गावावरून मीकर, तिथून नदीकाठानं वर, सगळे मिळून साडेपाच तास. तंबू साधारण ९,८०० फुटांवर. पहिल्या रात्री डोकं ठणकलं, ते दरवेळचंच. डासांबद्दल फाइलमध्ये अवाक्षर नव्हतं. भाताच्या खाचरात उभं राहावं तसे डास.

चार नंबरची पिन जळलेल्या रानात होती. २००२ मध्ये इथे बिग फिश नावाचा वणवा लागला, सुमारे १७,००० एकर गेले. फाइल सांगते: जुना जळीत भाग, नवं गवत, कोवळे ॲस्पेन, उत्तम चराई. उपग्रहाच्या फोटोत खरंच हिरवंगार दिसतं. त्या हिरव्याखाली दोन दशकं एकावर एक कोसळलेले खोडांचे ढीग आहेत, काड्यापेटी उलटी करावी तसे, कमरेइतके उंच, काही ठिकाणी छातीपर्यंत. चारशे मीटर जायला मला एक तास दहा मिनिटं लागली. पँट फाटली, नडगी सोलली. मधे एका खोडावर बसून मी हसायला लागले, कारण सगळीकडे एल्कच्या लेंड्या एवढ्याएवढ्याशासुद्धा नव्हत्या. तीनशे किलोचं जनावर त्यातून कशाला जाईल? ते कडेकडेनं जातं. ती कड कुठून जाते हे फाइलनं सांगायला हवं होतं.

निळ्या पिना सहा. त्यांतल्या दोन कोरड्या. उपग्रहाचा फोटो जूनचा असणार, बर्फ वितळताना काढलेला. हे क्षम्य. सह्याद्रीत मे महिन्यात टाकं कोरडं निघालं म्हणून कोणी पुस्तकाला दोष देत नाही.

सतरा नंबरच्या पिनेनं मात्र डोकं फिरलं. तंबूपासून साडेपाच मैल, आणि शेवटी २,१०० फूट खाली उतरून एका खड्ड्यासारख्या घळीत. जागा एक नंबर, वाद नाही. पण नर पडला तर हाडं काढूनसुद्धा ऐंशी-नव्वद किलो मांस होतं. माझ्या पाठीवर बावीस किलो. चार फेऱ्या. चारदा भरलेलं वर, तीनदा रिकामं खाली, सात साडेपाचे साडेअडतीस मैल, प्रत्येक फेरीला दोन हजार फुटांचा चढ, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं दुपारचं ऊन. तिसऱ्या फेरीपर्यंत मांसाला वास आला असता. फॉर्मवर वजन आणि 'एकटी' हे दोन्ही मी लिहिलं होतं. म्हणजे फॉर्म कोणी वाचला नाही, किंवा वाचला आणि पंचविशीतल्या पोरासाठी बनवलेली पिनच मला चिकटवली.

यातलं दुसरंच खरं होतं हे शनिवारी पहाटे कळलं. सात नंबरची पिन, हिरवी: एका सोंडेच्या टोकावरचा खडक, समोर अख्खं खोरं उघडं. अंधारात टॉर्च लावून पावणेपाचला पोहोचले तर माझ्या खडकावर माणूस. टेक्ससहून आलेला, सोडतीत नाव निघाल्यामुळे स्वर्गात. शेजारी बसले. उजाडल्यावर त्यानं मांडीवर कागद पसरला. निळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या पिना. मी काही न बोलता माझा काढला. त्याचा सात नंबर तो माझाही सात नंबर होता. त्याचा कागद लॅमिनेट केलेला, माझा प्लॅस्टिकच्या पिशवीत, एवढाच फरक. दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग तो इतक्या मोठ्यानं हसला की खोऱ्यात काही असतं तर पळालं असतं. त्यानं कॉफी दिली, मी चकल्या दिल्या. मग दोघांनी मिळून खोरं वाटून घेतलं, उत्तर त्याची, दक्षिण माझी. या वाटणीचे पैसे कंपनीनं घेतले नाहीत.

घरी आल्यावर ईमेल केला. उत्तर सभ्य होतं: एका विभागासाठी आम्ही जास्तीत जास्त चार ग्राहक घेतो, अटींमध्ये लिहिलंय. लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात. ७५ डॉलर परत केले. त्यासाठी अर्धा तारा वाढवला असता, पण अर्ध्याची सोय नाही.

या सगळ्यात तीन नंबरची पिन सांगायची राहिली, योजना अ-चा मुकुटमणी. वाटीसारखं कुरण, तिन्ही बाजूंना स्प्रूस, मधून ओढा. 'संध्याकाळची चराई, माद्या आणि पिल्लं.' खिंडीतून डोकावले आणि आधी आवाज आला, मग वास, आणि दोन्ही इतके ओळखीचे की क्षणभर मी भोरच्या माळावर होते. हजारभर मेंढ्या! पाठोपाठ दोन पांढरीशुभ्र कुत्री धावत आली, प्रत्येक वासराएवढं. धनगराच्या कुत्र्यापुढे काय करायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. पळायचं नाही, काठी उगारायची नाही, नजर खाली, उभं राहायचं. तशीच उभी राहिले. पाच मिनिटांनी घोड्यावरून मेंढपाळ आला. पेरू देशातला. मीकरच्या बाजूचे कळप राखायला तिकडची माणसं कराराने येतात, उन्हाळाभर डोंगरात असतात. त्याचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश मिळून वीस शब्द झाले असतील. मी डोक्यावर दोन्ही हात शिंगांसारखे धरले. तो हसला, मेंढ्यांकडे बोट दाखवलं, मग हात खिंडीपलीकडे, उत्तरेकडच्या काळ्या रानाकडे नेला. मेंढ्या आल्या की ते तिकडे जातात. मग जमिनीवर काडीनं खिंड काढली, पलीकडे दोन आडव्या रेघा मारल्या आणि त्यांवर बोट टेकवलं. त्या रेघा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणि चार पोळ्या दिल्या. चटणी त्यानं नुसती तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुडी खिशात घातली.

घरी येऊन मीकरच्या वनखात्याच्या कचेरीत फोन केला. कुठल्या खोऱ्यात कोणाच्या मेंढ्या कधी चढतात आणि कधी उतरतात हे त्या बाईंनी सहा मिनिटांत सांगितलं. फुकट. ३४९ डॉलर घेणाऱ्या कोणालाही तो एक फोन करावासा वाटला नाही. माझा एक तारा इथे कापलाय.

त्या दोन रेघांचं सांगते. तिसऱ्या दिवशी नऊ नंबर आणि चौदा नंबर यांच्या मधला उतार मी आडवा कापत होते. उत्तरेकडचा, काळोखा स्प्रूस, खाली शेवाळ. इथल्या सरकारी नकाशावर समोच्च रेषा चाळीस फुटांनी येतात, आणि त्या उतारावर रेषा कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या आहेत. नकाशा म्हणतो, सरळ उतार, इथे काही नाही. पायांना मात्र कळलं. घोट्यावरचा ताण अचानक सुटला. उभी राहिले. तीस-चाळीस पावलं रुंद सपाटी, डावी-उजवीकडे लांब गेलेली, वर काळा कातळ, खाली पुन्हा उतार. पदर! राजगडाच्या पोटाला असतो तसा. दोन लाव्ह्यांच्या मधला मऊ थर झिजतो, वरचा कडा होतो आणि मधे ही ओटी उरते. तिची उंची चाळीस फुटांच्या आत असली की ती दोन रेषांच्या मधोमध गडप होते. रेषा मोजणाऱ्याला ती दिसायची नाही, पण सह्याद्रीत वाट चुकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की वर कडा आणि खाली घसारा असला की पदरावर ढोरवाट असणारच.

होती. गुडघ्याएवढी खोल खणल्यासारखी. मेंढपाळानं दोन रेघा काढल्या होत्या म्हणून मी अजून नव्वद फूट खाली उतरले, तर खाली दुसरा पदर, पहिल्यापेक्षा अरुंद. तिथे झिरपतं पाणी आणि लोळण: काळ्या चिखलाचं डबकं, काठावर केस, आणि गोठ्यात बोकड बांधल्यासारखा वास. भोवतीच्या कोवळ्या झाडांच्या साली गेल्या वर्षीच्या शिंगांनी सोललेल्या, डिंक वाळून पिवळा झालेला. लेंड्या दोन तऱ्हेच्या, जुन्या सुट्या आणि ताज्या शेणासारख्या, म्हणजे हिरवं गवत खाणारी जनावरं आत्ता इथे आहेत. बावीस पिनांमधली सर्वांत जवळची तिथून सहाशे मीटर दूर.

जागा सापडणं हे अर्धं काम. वारा कळल्याशिवाय जागेचा उपयोग नाही. डोंगरात पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. हे सगळ्या पुस्तकांत आहे. कुठल्या घळीत किती वाजता वळते हे कुठल्याच पुस्तकात नाही. दुकानात यासाठी पावडरची बाटली मिळते. मी गेल्या शरदात रस्त्याकडेच्या मिल्कवीडच्या शेंगांतून म्हाताऱ्या गोळा केल्या होत्या. लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या फुंकल्या असतील तर तेच. मिल्कवीड रुईच्याच कुळातली. पावडर दोन मीटरवर विरते, म्हातारी पन्नास मीटरपर्यंत तरंगताना दिसते, आणि मधेच कुठे वळते, कुठे भोवरा घेते तेही दाखवते. पदरावर बसून दर दहा मिनिटांनी एक सोडली. नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंत खाली. मग पाव तास जागच्या जागी घुटमळ. नऊ पस्तीसला वर, सरळ लोळणीवरून. म्हणजे सकाळी वरच्या पदरावर बसलात तर तुमचा वास साडेनऊपर्यंत खाली झोपलेल्या प्रत्येक मादीला वर्दी देणार. बसायचं ते खालून, आणि नऊनंतर उठून जायचं. या एका ओळीसाठी चार दिवस गेले. फाइलमध्ये वाऱ्याला एक परिच्छेद आहे, आणि मला खात्री आहे की टेक्ससवाल्याच्या फाइलमध्येही शब्द न् शब्द तोच आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस गेले. पदरावर पाय ठेवला नाही. हंगामाच्या तोंडावर घरात शिरून पाहुण्याला उठवायचं नसतं. समोरच्या सोंडेवरून, दरी मधे ठेवून, दुर्बीण लावून बसले. दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता झाडीतून एक मादी आली, मग पिल्लू, मग मोजत गेले तर अकरा. काळोख पडता पडता आतून एक नर ओरडला. पूर्ण तुतारी नव्हे, सरावाची, आवाज फुटलेल्या पोरासारखी. अंगावर काटा आला. परतताना वाटेत मूसची (एल्कहून मोठं हरीण) मादी आडवी उभी, पाठीशी वासरू, आणि कान मागे टाकलेले. एक तास झाडामागे बसून काढला. गव्याशी वाद घालत नाही तसा तिच्याशीही घालायचा नाही. मेंढ्या अजून वाटीतच होत्या. मेंढपाळानं दुरून ओळखून हात हलवला आणि हातानंच तोंडाजवळ खाल्ल्यासारखी खूण केली. या वेळी चटणीचा डबाच नेला होता.

घ्यावी का ही सेवा? तुम्ही कोलोरॅडोच्या बाहेरचे असाल, सोडतीत नाव लागलं असेल आणि रेकीला एकदाही यायला जमणार नसेल, तर घ्या. बावीसपैकी आठ-नऊ पिना चांगल्या आहेत आणि काय खोडायचं हे कळायला त्यांचा उपयोग होतो. मी इथली असून घेतली हा थोडा आळस झाला. आणि एक गोष्ट मला पैसे भरल्यावर दिसली: त्यांच्याकडे नुसता कॉलसुद्धा मिळतो, पिनांशिवाय, ९० डॉलरला. पानाच्या तळाशी, राखाडी अक्षरात. तो घ्या. त्या गृहस्थाला विचारा की माणसं कुठे जातील. फॉर्मवर वय आणि वजन लिहिलंत तरी कॉलमध्ये पुन्हा तोंडानं सांगा, "मी एकटी आहे आणि बावीस किलो." उरलेल्या पैशांत मीकरपर्यंत दोन वेळा जाऊन येता येतं, वाटेतल्या जेवणासकट.

पदर कुठे आहे ते विचारू नका. माझ्या भावाला सांगितलंय, पण तो भोरला आहे आणि त्याला कोलोरॅडोचं स्पेलिंग येत नाही.

आज ३१ ऑगस्ट. हंगाम परवापासून, २ ते ३०. गाडी भरून झालीय: धनुष्य, सात बाण, म्हाताऱ्यांची डबी, मांसासाठी चार सुती पिशव्या. नवरा विचारतोय की पिशव्या चारच का, आणि मी त्याला साडेअडतीस मैलांचा हिशोब पुन्हा सांगतेय. एल्क मिळाला तर इथेच खाली दोन ओळी लिहीन. नाही मिळाला तर लिहिणार नाही, समजून घ्या.